कॉलेजचं आयकार्ड मतदानाला का चालत नाही?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात एक बातमी ठरलेली असते, तरुणांनी मतदानाकडे पाठ फिरवली. जानेवारी २०२६ ला आपल्या ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांची निवडणूक झाली तेव्हाही आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हेच सुरू होतं, पोरं लोणावळ्याला गेली, पोरांना काही पडलेली नाही वगैरे. गेली असतील काही. पण जी केंद्रापर्यंत येतात आणि तिथून परत पाठवली जातात त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. जूनपासून पुढचे दोन-तीन महिने आमचं दुसरं काही कामच नसतं, अ‍ॅडमिशन आणि आयकार्ड, अ‍ॅडमिशन आणि आयकार्ड. आणि अनुदानित म्हटल्यावर इलेक्शन ड्युटी चुकत नाही, त्यामुळे मतदान केंद्रात टेबलामागेही बसलोय.

विधानसभेच्या वेळची गोष्ट, २० नोव्हेंबर २०२४. मी मतदान अधिकारी एक होतो, म्हणजे यादी माझ्यासमोर आणि नाव शोधून खूण करायचं काम माझं. एक मुलगी आली, पहिल्यांदाच मतदान करत असणार कारण फारच खूश दिसत होती. नाव सांगितलं, यादीत सापडलं. आमच्याकडच्या प्रतीत नावाशेजारी फोटो असतो, तोही तिचाच, हनुवटीवरच्या तिळासकट. ओळखपत्र मागितलं तर तिने गळ्यातलं कॉलेजचं आयकार्ड पुढे केलं. मतदार कार्ड पोस्टाने अजून आलं नव्हतं, आधार मोबाईलमध्ये आणि मोबाईल बाहेर भावाकडे, कारण आत मोबाईल न्यायला बंदी. बाजूला बसलेले पोलिंग एजंट, तेही दोन वेगळ्या पक्षांचे, दोघंही म्हणाले अहो साहेब आमच्याच गल्लीतली आहे, घ्या. नाही घेता आलं. घरी जाऊन ओरिजिनल घेऊन ये म्हटलं, ती हो म्हणून गेली ती माझ्या टेबलावर काही परत आली नाही.

आता नियम काय ते सांगतो. मतदार कार्ड नसेल तर चालतील अशा कागदांची यादी निवडणूक आयोग काढतो, २०२४ ला त्यात १२ प्रकार होते. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट हे आलेच. शिवाय मनरेगाचं जॉब कार्ड, फोटोवालं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पेन्शनचे कागद, खासदार-आमदारांचं ओळखपत्र, आणि नोकरीचं आयकार्ड. नोकरी म्हणजे फक्त सरकारी नाही हं, पब्लिक लिमिटेड कंपनीचं फोटो असलेलं आयकार्डही चालतं. म्हणजे ऐरोलीला एखाद्या मोठ्या कंपनीत काल जॉइन झालेल्या मुलाला एचआरने दिलेलं कार्ड चालतं, आणि तीन वर्षं विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या बहिणीचं कार्ड चालत नाही. यातलं लॉजिक मला कोणी समजावून सांगावं, मी ऐकायला तयार आहे.

अजून एक गंमत बघा. जून २०२४ ला आपल्याकडे विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली, पदवीधर मतदारसंघाला मूळ पदवी प्रमाणपत्र ओळखीसाठी चालतं. म्हणजे पास होऊन बाहेर पडलात की विद्यापीठाचा कागद विश्वासाचा, शिकत असताना मात्र नाही.

आयकार्ड काय कुणालाही वाटत नाही आम्ही. अ‍ॅडमिशनला एलसी, मार्कशीट, आधारची झेरॉक्स सगळं घेतो, ओरिजिनलशी ताडून बघतो, फी भरल्याची पावती बघतो, रजिस्टरला नोंद होते, मग फोटो, प्राचार्यांची सही, शिक्का आणि वर शैक्षणिक वर्ष. याच शिक्क्यावर आम्ही कन्सेशन फॉर्म देतो आणि ठाणे-वाशी काय नि पनवेल काय, रेल्वेच्या खिडकीवर मुलांना सवलतीचा पास मिळतो. रेल्वे केंद्र सरकारचीच आहे ना? एवढंच कशाला, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाला हॉस्टेलच्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवायचं असेल तर फॉर्म ६ सोबत कॉलेजचं बोनाफाईड लागतं, आयोगाचीच पद्धत आहे ती. यादीत नाव घालताना आमची सही चालते आणि मतदानाच्या दिवशी तीच सही खोटी असू शकते?

काही जण म्हणतील आधार तर सगळ्यांकडे असतं. असतं हो, पण कुठे असतं? खारघर, नेरुळ, वाशीला पीजी किंवा हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरांचं ओरिजिनल बऱ्याचदा गावी कपाटात, आणि फोनमध्ये डिजिलॉकर. फोन आत नेऊ द्या, डिजिलॉकर दाखवू द्या अशी याचिका विधानसभेच्या आधी मुंबई हायकोर्टात झाली होती, ती फेटाळली. मोबाईलबंदीबद्दल माझी तक्रार नाही, आत फोटो काढत बसणारे लोक मी बघितलेत. पण मग गळ्यात कायम लटकलेलं जे एकच कार्ड या पोरांकडे असतं त्याचा विचार करा की. शिवाय आता वर्षातून चार तारखा धरून १८ पूर्ण झालेल्यांची नावं घेतात, चांगलंच आहे, पण ऐन निवडणुकीच्या तोंडावर नाव आलं की प्लास्टिकचं कार्ड हातात पडायला उशीर होणारच.

बोगस कार्डाचं म्हणाल तर मान्य, स्टेशनबाहेर अर्ध्या तासात कसलंही कार्ड छापून मिळतं, आणि आजकाल क्लासवालेसुद्धा आयकार्ड देतात. म्हणून सरसकट घ्या असं मी म्हणत नाही. यूजीसी मान्यताप्राप्त विद्यापीठं आणि त्यांची संलग्न कॉलेजं, चालू वर्षाचं, फोटो आणि सही-शिक्का असलेलं, एवढंच घ्या. क्लासचं नको, शाळेचं तर प्रश्नच नाही. आणि पासबुकावरचा फोटो तरी काय, डिंकाने चिकटवून वर शिक्का मारलेलाच असतो. बरं कार्डाने कोणी मतदार होत नाही, मतदार यादीने होतो. कार्डाचं काम फक्त समोरचा माणूस तोच आहे का हे बघणं. त्यातूनही शंका आली तर पोलिंग एजंटला दोन रुपये भरून त्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेता येतो, मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. ही सोय आहे हे बऱ्याच एजंटांना माहीतच नसतं ते सोडा.

अमेरिकेत टेक्सासमध्ये बंदुकीच्या परवान्यावर मतदान करता येतं पण विद्यापीठाच्या आयकार्डावर नाही, आयडाहोने तर चालणारं आयकार्ड २०२३ ला कायदा करून बंद केलं. तिकडे त्यामागे पक्षांचं राजकारण आहे, दोन्ही बाजू भांडतायत. आपल्याकडे तसं काही भांडण मला तरी दिसलेलं नाही, कोणी विरोध केल्याचं किंवा मागितल्याचंही ऐकलेलं नाही. कायदा बदलायची पण गरज नाही, कारण ही यादी आयोग आदेशानेच काढतो. लोकसभा-विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोग आणि महापालिका-जिल्हा परिषदांसाठी राज्य निवडणूक आयोग, दोघांनी एकेक ओळ वाढवायची आहे.

आपल्या आमदार-खासदारांपैकी कोणी, पक्ष कुठलाही असो, आयोगाला तसं पत्र दिलं तर बरं होईल. आणि कॉलेजांनाही सांगणं आहे, प्रथम वर्षाची आयकार्डं दिवाळीनंतर वाटायची सवय सोडा, आमच्यासकट.

आपला,
एक कॉलेज कर्मचारी, ठाणे पश्चिम
(नाव छापू नये ही विनंती)