चिलापी कशानं मेली हे तपासायची सोय जिल्ह्यात करा

संपादक महोदय, स. न.

या उन्हाळ्यात पलूस भागातल्या एका शेततळ्यात चिलापी (म्हणजे तिलापिया मासा) पटापट मेली. काठावर काढून टाकलेले मासे मी स्वतः बघितले, डोळे सुजून बाहेर आलेले, काहींच्या बुबुळावर पांढरी साय, अंगावर लाल चट्टे. बघायला आलेले म्हणाले ऑक्सिजन कमी पडला, मग लाल औषध टाकलं, वर अँटिबायोटिकही, आणि नमुना कुणीच घेतला नाही. अहो, व्हायरस असेल तर अँटिबायोटिक काय करणार त्याला?

इस्रायलमध्ये चिलापी अशीच मरत होती, तेव्हा तिथल्या लोकांनी छडा लावला. आजारी माशाचं यकृत, मेंदू वाटून बारीक गाळणीतून गाळलं की बॅक्टेरिया वर अडकतात, व्हायरस खाली उतरतो, तो माशांच्याच पेशींवर वाढवायचा आणि मग साखरेच्या द्रावणाच्या थरांवर प्रचंड वेगानं फिरवायचा, व्हायरस आपल्या घनतेच्या थरात पट्टा धरून बसतो, बाकी कचरा वेगळा. असा शुद्ध केला की आत आरएनए आहे का डीएनए (व्हायरसची जनुकं ज्यात लिहिलेली असतात ते दोन प्रकारचे रेणू) ते खात्रीनं कळतं. २०१४ साली या तिलापिया लेक व्हायरसची माहिती छापून आली, २०१६ ला त्याच्या जनुकांचा आख्खा आराखडा, आरएनएचे १० तुकडे, मिळून १०,३२३ अक्षरं! अशा अक्षरांच्या ओळखीवरूनच पीसीआर टेस्ट (नमुन्यात व्हायरसचा अंश आहे का ते शोधणारी तपासणी) बसवता येते. २०१८ मध्ये तो आपल्या देशातही सापडल्याचं जाहीर झालं. (माणसाला तो होत नाही, खाणाऱ्यांनी घाबरू नये.)

आमच्याकडं तोच होता असं मी म्हणत नाही, पण तपासल्याशिवाय कळणार कसं? आरएनए लवकर सडतो, उन्हात दुपारपर्यंत फुगलेला मासा लॅबला पाठवून उपयोग नाही, मरायला टेकलेला पण जिवंत मासाच पाहिजे. त्याचे तुकडे अल्कोहोलमध्ये घातले तर पीसीआरला चालतात, पण व्हायरस वाढवून बघायचा तर बर्फातलाच नमुना लागतो. हे गावात कुणाला माहीत असणार?

म्हणून मागणी एवढीच, की सांगली-साताऱ्यात तालुक्याला एक तरी माणूस नमुना घ्यायला तयार करा, त्याच्याकडं आइसबॉक्स आणि अल्कोहोलच्या बाटल्या असू द्या, हॅचरीवाल्यांना बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) विकण्याआधी पीसीआर सक्तीची करा आणि रिपोर्ट ज्याचं तळं आहे त्याच्या हातात मराठीत द्या, तोही पुढचं बीज सोडायच्या आत.

– एक मत्स्यपालक, ता. पलूस, जि. सांगली