आबांच्या तसबिरी

पुणे, रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, फोन नाही. चूक माझीच. गुडघा आहे तसाच आहे, शुगर आटोक्यात, बाकी सगळे बरे. पण आज तुला लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून काय कळणार? सुध्या, तुझे आबा खरं बोलत होते. इटलीच्या लढाईत तसबिरींनी भरलेल्या वाड्यावर पहारा दिला म्हणायचे ना, तो वाडा खरा होता.

सकाळी जुन्या बाजारात एरिक लिंकलेटर नावाच्या स्कॉटिश लेखकाचं एक पुस्तक हाती लागलं. १९४४ च्या उन्हाळ्यात हा माणूस फ्लॉरेन्सजवळच्या मोन्तेगुफोनी नावाच्या गढीत गेला होता. तिथे मुक्काम कुणाचा, तर आपल्या मराठा पलटणीचा. फ्लॉरेन्ससाठी लढाई चाललेली, आणि गढीच्या दालनांत भिंतींना टेकवून ठेवलेली उफीझी संग्रहालयातली चित्रं! बॉम्बच्या भीतीने ती शहराबाहेर हलवली होती. त्यांत बोत्तिचेल्ली या इटालियन चित्रकाराचं 'प्रिमावेरा' होतं. मी लगेच त्याचा फोटो शोधून बघितला आणि हातपायच गळाले. आठव, ओसरीवर आबा काय सांगायचे: "तीन बाया फेर धरून नाचत्यात, अंगावर झिरझिरीत कापडं, आन वर डोळं बांधल्यालं पोर, हातात बाण. झाडांना नारिंगं." अरे, जसंच्या तसं आहे! आपण 'झिरझिरीत'ला खिदळायचो आणि पुढचं ऐकायचोच नाही.

आणि ती गोल तसबीर, जिच्यावर दारूचे डाग होते? तीही आहे. घिर्लांदायोचं चित्र. जर्मन सैनिकांनी ते टेबल म्हणून वापरलं होतं, वर सुऱ्यांचे घावसुद्धा. चित्रं सांभाळणाऱ्या एका अमेरिकन अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलंय. आबा म्हणायचे, "मी फडक्यानं पुसाय लागलो तर सायेब वरडला." त्यांना केवढं वाईट वाटलं होतं त्याचं! आता कळतं, साहेब का ओरडला असेल.

आता ते भांडण. आपल्याला रोस्सेलिनीचा 'पाइसा' हा इटालियन सिनेमा फिल्म अर्काइव्हला बघायचा होता आणि तू आबांना घेऊन आलास. (पम्या 'पैसा' हा हिंदी पिक्चर समजून मावशीला घेऊन आला होता, तोच दिवस. मावशी शेवटपर्यंत हिरो शोधत होत्या.) फ्लॉरेन्सच्या भागात ती नर्स नदीपलीकडे जायला उफीझीच्या त्या रिकाम्या गॅलरीतून पळते, आजूबाजूला पेट्यांत बांधलेले पुतळे. आबांना मी पुटपुटून सांगितलं की ही चित्रांची मोठी गॅलरी. आबा मोठ्याने बोलले, "हितल्याच तसबिरी आमच्या वाड्यात व्हत्या, आमी पहारा दिला." मागून कुणीतरी 'शू' केलं. आणि मी, सुध्या, मी म्हणालो, "आबा, आता थापा पुरे."

ते उठले. तू त्यांच्यामागे गेलास. मी बसून राहिलो. नंतर तुझ्याशी महिनाभर भांडलो की सिनेमाचा पो नदीवरचा शेवट सोडून गेलास, तुला सिनेमाची कदर नाही. त्यानंतर आबांनी माझ्यासमोर इटलीचं नाव काढलं नाही. बारा वर्षं. मी दर आठवड्याला तुमच्याकडे जेवत होतो.

दुपारपासून हेच डोक्यात आहे. तो सिनेमा १९४६ चा, लढाईची राख ताजी असताना त्याच मोडक्या शहरांत काढलेला. त्यात अमेरिकन आहेत, दुर्बिणीतून मनोरे बघणारे इंग्रज आहेत, इटलीचे आपले लोक आहेत. आपला जवान मला एकाही चौकटीत दिसला नाही. इटलीत आपले ५,७८२ जवान मेले. खऱ्या युद्धाचा खरा सिनेमा म्हणून मी त्याच्यावर तासनतास बोललो, आणि त्याच लढाईतला माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता! गॅलरीच्या रिकाम्या भिंतींवर काय होतं हे त्या थिएटरात एकट्या त्यांना माहीत होतं. त्या गढीत उच्चेल्लोचं 'सान रोमानोची लढाई'ही होतं. घोडे, भाले, १४३२ सालची लढाई. साताऱ्याकडच्या पोराने पाचशे वर्षांपूर्वीच्या लढाईच्या चित्राला लढाईतच पहारा दिला. ते चित्रही त्यांनी पाहिलं असेल का? काय वाटलं असेल? विचारायचं राहिलं रे.

स्मिताचं प्रमोशन झाल्याचं पम्याकडून कळलं. फार आनंद झाला, तिला सांग. तुझ्या घराचं प्लास्टर झालं का?

एक काम कर. काकूंकडे आबांची ती हिरवी ट्रंक असेल, तिच्यात डिस्चार्जचं पुस्तक शोध. पलटण कितवी होती ते कळव: पहिली की तिसरी? पहिली निघाली, म्हणजे गढीतलीच, तर मी पुढच्याच शनिवारी नाशिकला येतो, चित्रांचे मोठे फोटो छापून आणतो आणि काकूंना दाखवतो. तिसरी निघाली तरी येतोच. काकूंना थापांचं माहीत आहे का? नसेल तर तू सांगू नकोस, मला सांगू दे.

तुझा,
विन्या