सुकाणू माझ्या हातात देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार. नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काकू. पण आभार चारचौघांतच मानणार आहे, कारण बोटीवर राहणाऱ्या प्रत्येकीला तुमच्यासारखं कुणी भेटत नाही.

अलाबामातल्या जो व्हीलर स्टेट पार्कला आम्ही ऑक्टोबरात पोचलो. ‘ग्रेट लूप’ करणाऱ्या बोटवाल्यांचं तिथे संमेलन होतं. अमेरिकेच्या पूर्व भागाभोवती समुद्र, नद्या, कालवे आणि मोठ्या सरोवरांतून होणारी ही सुमारे ६,००० मैलांची प्रदक्षिणा. चालू असेल तर बोटीवर पांढरा झेंडा, पूर्ण झाली की सोनेरी. तुमचा सोनेरी होता. विल्सन धरणाच्या लॉकमध्ये (पाणी भरून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदात) ९० फुटांहून अधिक वर उचलले जाऊन आम्ही नुकतेच आलो होतो, माझ्या हातांचं थरथरणं अजून थांबलं नव्हतं, आणि धक्क्यावर आमचा दोर झेलून तुम्ही चक्क विचारलंत, “पुण्याच्या का गं?”

संमेलन सुंदरच होतं. सकाळी पुढच्या वाटेची सत्रं, दुपारी एकमेकांच्या बोटी बघणं, संध्याकाळी धक्क्यावर सगळ्यांनी आणलेलं खाणं. तुमचे बटाटेवडे कसे संपले ते आठवतं ना? फक्त इंजिनाचे प्रश्न सगळे माझ्या नवऱ्याला विचारत आणि फ्रिजचे मला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्या बोटीवर कामं तशीच वाटलेली होती: सुकाणू त्याच्याकडे, दोर माझ्याकडे.

तुम्ही एकच विचारलंत: “गल्फ, म्हणजे मेक्सिकोचं आखात, ओलांडताना रात्री तो झोपला, तर बोट कोण चालवेल?”

फ्लोरिडातल्या कॅराबेलहून तिथल्याच टार्पन स्प्रिंग्सला आखातातून सुमारे १७० मैल. आमचा ३६ फुटी ट्रॉलर (राहण्याजोगी संथ बोट) ताशी सात सागरी मैल चालतो, म्हणजे जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. शिवाय पलीकडच्या किनाऱ्याजवळ खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या खुणेचे गोळे तरंगत असतात. त्यांचा दोर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंतला की बोट जागच्या जागी थांबते. म्हणून तिथे ऊन वर आल्यावरच पोचायचं, आणि मग रात्र पाण्यावर काढण्यावाचून गत्यंतर नाही. अख्खी रात्र एका माणसाच्या भरवशावर काढणं मला आज अविचारच वाटतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नवऱ्याला काकांबरोबर सत्राला धाडलंत आणि मला सुकाणूपाशी उभं केलंत. आधी नुसतं बघायला लावलंत: शेजारच्या बोटींवरचे झेंडे कुठे फडफडतात, पाणी खांबांपाशी कुठल्या बाजूला वाहतंय. मग आमच्या बोटीचा स्वभाव सांगितलात. इंजिन एकच, पुढची बाजू आडवी ढकलणारा बो थ्रस्टर नाही, पंखा उजवीकडे फिरणारा. रिव्हर्स घातला की मागची बाजू डावीकडे सरकते. तेव्हा धक्का डाव्या हाताला घे, शेवटी थोडा रिव्हर्स दे, बोट आपोआप चिकटेल. “गिअर घाल, काढ, थांब. ती काय करते ते बघ.” हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की आता ते मला झोपेतही ऐकू येतं. वारा धक्क्यावर दाबत असताना सुटायचं कसं, तेही दाखवलंत: पुढचा दोर धक्क्यावरच्या मागच्या खुंट्याला, सुकाणू धक्क्याकडे, अगदी हळू पुढे. मागची बाजू दिमाखात बाहेर पडली आणि मी ओरडलेच.

नंतर तुम्ही मला इंजिनरूममध्ये उतरवलंत. आमच्या जुन्या लेहमन इंजिनाच्या इंजेक्शन पंपाला स्वतःचं वेगळं ऑइल असतं, त्यात हळूहळू डिझेल झिरपतं, म्हणून इंजिन दर ५० तास चाललं की ते बदलायचं. ते काम तेव्हापासून माझं आहे. कोणी इंजिनाबद्दल विचारलं की नवरा आता माझ्याकडे बोट दाखवतो, आणि त्याचा त्याला अभिमान वाटतो.

काकू, आम्ही गल्फ ओलांडला. मध्यरात्र ते पहाटे चार सुकाणूवर माझी पाळी होती. रडार, पाण्याचं तापमान, ऑइलचा दाब, आणि चहूकडे काळोख. लाटा आडव्या येत होत्या. भीती वाटली, पण काय करायचं ते मला ठाऊक होतं, आणि खाली नवरा गाढ झोपला होता. सकाळी अँक्लोट नदीतून आत शिरून टार्पन स्प्रिंग्सला बोट धक्क्याला मी लावली. डाव्या हाताला.

रेवदंड्याच्या एका बाईने टेनेसी नदीवर माझ्यासाठी चार दिवस मोडले. घेतलं काहीच नाही, चहाखेरीज. मनापासून आभार.

वसंतात आम्ही फ्लोरिडातल्या ओकीचोबी कालव्यातून स्टुअर्टला येतोय. तुम्ही दोघं तिथे असाल तर जेवायला आमच्या बोटीवर या. वाटेतल्या एका तरी लॉकमधून मला बोट नेताना तुम्ही बघावं, अशी फार इच्छा आहे. फोन करते.

तुमची,
पांढऱ्या झेंड्याच्या बोटीवरची पुणेकर