स्लो कुकरमधलं बटाट्याचं क्रीमी सूप: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद उष्णतेवर कित्येक तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, बटाट्याचं क्रीमी सूप कसं करायचं ते लिहून पाठवते आहे. फोनवर सांगितलं की प्रमाणं लक्षात राहतात, क्रम निसटतो; आणि या सूपात क्रमच जास्त महत्त्वाचा. सगळं एकदम भांड्यात टाका, झाकण लावा आणि आठ तासांनी या, असं सांगणाऱ्या पाककृती ढीगभर सापडतील. त्यांच्या नादी लागू नका. स्लो कुकरला इथे एकच काम नीट जमतं, बटाटा मऊ शिजवणं. कांद्याला गोडी आणणं आणि दूध फाटू न देणं ही कामं त्याच्यावर सोडली की सूप बिघडलंच. कांद्याचं काम आधी गॅसवर दहा मिनिटांत होतं, दुधाचं शेवटच्या अर्ध्या तासात.

साडेतीन लिटरच्या कुकरसाठी साहित्य: पाऊण किलो बटाटे, एक मोठा कांदा, एक लहान गाजर, लसणाच्या चार पाकळ्या, दोन मोठे चमचे लोणी, ७५० मिली स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून गाळलेलं पाणी) किंवा साधं पाणी, एक तमालपत्र, अर्धा लहान चमचा मिरपूड. शेवटी घालायला १८० मिली दूध, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, १२० मिली क्रीम आणि हवं असेल तर ६० ग्रॅम चीज. एवढ्यात सहा वाट्या भरून सूप होतं. दोघांनाच हवं म्हणून प्रमाण निम्मं करू नका. भांडं अर्ध्याहून कमी भरलं तर कडेचं आधी आटतं आणि लागतं, आणि छापलेल्या वेळा चुकतात. पाऊण भागाच्या वरही भरू नका. उरलेल्या सूपाचं काय करायचं ते पुढे लिहिलं आहे.

आई, बटाटा निवडताना एक बघ. शिजल्यावर फुटून भुसभुशीत होणारा बटाटा या सूपाला चांगला, कारण त्यातला स्टार्च सुटून रस्सा आपोआप दाटतो. नवे, पातळ सालीचे बटाटे मेणचट असतात, फोडी अखंड राहतात आणि सूप पाणचट लागतं. कोणता कसा हे वरून कळत नसेल तर ११ भाग पाण्यात १ भाग मीठ विरघळव आणि एक बटाटा त्यात सोड. तळाशी गेला तर पिठूळ, तरंगला तर मेणचट. दोन्ही प्रकार घरात असतील तर दोन तृतीयांश पिठूळ आणि बाकी मेणचट घे. निम्मा बटाटा विरघळतो, थोड्या फोडी दाताखाली येतात. फ्रिजमध्ये बरेच दिवस ठेवलेले बटाटे नकोत, थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि सूप विचित्र गोडसर लागतं. हिरवट झालेला भाग आणि कोंबांचे डोळे खोलवर कापून टाक, आणि बटाटा बराच हिरवा किंवा चवीला कडू असेल तर सरळ फेकून दे. त्यातलं सोलॅनिन हे विषारी द्रव्य शिजवून जात नाही.

फोडी दोन सेंटिमीटरच्या, आणि सगळ्या सारख्या. स्लो कुकरमध्ये लहान फोड विरघळते तेव्हा मोठी आतून कच्चट असते, आणि मग वाट बघायची कोणासाठी हेच कळत नाही. चिरलेल्या फोडी धुऊ नकोस. बटाटे आधी, सालीसकट धुवायचे. काळ्या पडतील असं वाटलं तर मोजलेल्या पाण्यातच बुडवून ठेव आणि तेच पाणी सूपाला वापर, म्हणजे स्टार्च वाया जात नाही.

आता कांदा. लोणी वितळवून बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर सात-आठ मिनिटं परतायचा, पारदर्शक आणि मऊ होईपर्यंत, रंग येऊ द्यायचा नाही. शेवटच्या मिनिटाला लसूण. हे टाळायचा मोह होतो, पण टाळू नका. झाकणाखाली सगळी वाफच असते. तिथे कांदा शिजतो, परतला जात नाही, आणि आठ तासांनंतरही त्याचा उग्र वास मागे राहतो. त्याच कढईत स्टॉक ओतून एक उकळी आणा, म्हणजे तळाला चिकटलेलं सगळं सुटून येतं.

उकळी आणायला सांगते त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते बऱ्याच पाककृतींत सापडत नाही. बटाटा ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास फार वेळ रेंगाळला तर त्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन घट्ट होतं, आणि नंतर कितीही शिजवला तरी फोड चिवट राहते. थंड पाणी घालून ‘लो’ या मंद बटणावर लावलं की नेमकं तेच होतं, कारण तापमान तासन्‌तास हळूहळू चढत जातं. गरम स्टॉक घातला की बटाटा हा टप्पा लवकर ओलांडतो. शिवाय ५ ते ६० अंशांमध्ये जंतू वेगाने वाढतात, तेव्हा तोही काळ जितका कमी तितका बरा. म्हणूनच गोठवलेल्या भाज्याही थेट टाकायच्या नाहीत.

भांड्यात तळाला आणि कडेने बटाटा आणि गाजर, कारण उष्णता कडेने आणि खालून येते. वर कांदा, तमालपत्र, मिरपूड, मग गरम स्टॉक. द्रव बटाट्यांच्या जेमतेम वर आला पाहिजे. उघड्या राहिलेल्या फोडी काळपट पडतात आणि शिजतही नाहीत. कमी वाटलं तर अर्धी वाटी गरम पाणी घाला, पण नुसतं दिसायला पातळ हवं म्हणून भरमसाट ओतू नका. इथून जवळजवळ काहीच आटत नाही. जेवढं घातलं तेवढंच शेवटी समोर येणार. मिठाचंही तसंच. आधी फक्त अर्धा लहान चमचा मीठ, आणि स्टॉकची वडी किंवा तयार पाकीट वापरलं असेल तर अजिबात नाही. टोमॅटो, लिंबू, दही, आंबट क्रीम यातलं काहीही या वेळी घालायचं नाही. आंबटपणाने बटाटा मऊ व्हायचाच थांबतो.

‘लो’वर सात ते आठ तास, ‘हाय’वर साडेतीन ते चार. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही बटणांवर अखेरचं तापमान जवळपास सारखंच, उकळीच्या थोडं खाली, असतं. ‘लो’वर तिथे पोचायला जास्त वेळ लागतो एवढंच. ‘वॉर्म’ हे शिजवायचं बटण नाही. रात्री साडेसातला जेवायचं असेल तर सकाळी साडेअकराला ‘लो’वर लावा. आणि आई, झाकण उघडून बघायचं नाही! दर वेळी उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस ते तीस मिनिटं जातात. झाकण काचेचं आहे, बाहेरूनच बघ.

बाबा, हे तुमच्यासाठी. कुकर बरेच दिवस पडून असेल तर आधी तपासा. अर्धं भांडं साध्या पाण्याने भरून, झाकण लावून, ‘लो’वर आठ तास ठेवा. मग झाकण काढल्या काढल्या स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान मोजा. ८५ ते ९३ अंश आलं तर यंत्र ठीक. ८५ च्या खाली असेल तर ते अन्न सुरक्षितपणे शिजवत नाही, दुरुस्तीच्या भानगडीत न पडता बदला. बरंच वर गेलं तर कुकर तापट आहे, दिलेल्या वेळेच्या तासभर आधीच बघायचं. वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शन नको. मधेच वीज गेली आणि तुम्ही घरात असाल तर भांड्यातलं सगळं लगेच पातेल्यात काढून गॅसवर शिजवून टाका. बाहेर असाल आणि किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर सूप गरम दिसलं तरी टाकून द्या.

बटाटा झाला की नाही ते बघायला तळाच्या मधली फोड घ्या, कडेची नको. चमच्याच्या पाठीने विनासायास चेपली गेली पाहिजे. जराही विरोध जाणवला तर आणखी अर्धा तास, कारण दूध पडल्यावर तो फारसा मऊ होणार नाही.

मग तमालपत्र काढा (हे विसरलं की मिक्सरमधून त्याचे बोचरे तुकडे सूपभर होतात) आणि बटाटा मॅशरने भांड्यातच चेपा. निम्मा चेपला, निम्मा ठेवला, की माझ्या मते सर्वांत चांगलं होतं. अगदी एकजीव हवं असेल तर हँड ब्लेंडर, पण थांबत थांबत, आठ-दहा झटके, बस. मिक्सर सलग फिरवत राहिलं तर स्टार्चचे कण फुटतात आणि सूपाची खळ होते, तार सुटणारी, चिकट. ती पुन्हा सुधारत नाही. मिक्सरच्या भांड्यातच फिरवायचं असेल तर आधी थोडं निवू द्या, निम्म्याच्या वर भरू नका आणि झाकणाचं मधलं बूच काढून तिथे जाड फडकं धरा. गरम सूपाची वाफ कोंडली की झाकण उडतं.

आता दूध. बरीच सूपं इथे फाटतात. दुधातली प्रथिनं लांबलचक उष्णतेत, त्यात मीठ किंवा आंबट असेल तर आणखीच, गोळा होतात आणि सूपात पांढरे कण दिसतात. कॉर्नफ्लोअर प्रथिनांना असं गोळा होऊ देत नाही, म्हणून कॉर्नफ्लोअर आणि दूध एकत्रच घालायचं. थंड दुधात कॉर्नफ्लोअर गुठळी न राहता कालवा, लहान पातेल्यात मंद आचेवर ढवळत तीन-चार मिनिटं शिजवा, चमच्याच्या पाठीला लेप बसेल इतकं दाट झालं की कुकरमध्ये ओता. थंड पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर थेट कुकरमध्ये घालता येतं, पण ते पूर्ण दाटायला उकळीच्या जवळची उष्णता लागते आणि तेवढी यायला कुकर वेळ घेतो. तोवर कच्च्या पिठाची चव राहते. गॅसवरचं काम सोपं आणि खात्रीचं. ओतून ढवळलं की झाकण लावून ‘हाय’वर पंधरा मिनिटं.

त्यानंतर कुकर बंद करा, आणि मगच क्रीम. ते आधी फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं असावं, आणि त्यात एक-दोन पळ्या गरम सूप मिसळून घेतलं तर आणखी चांगलं. पाकिटावर चरबीचं प्रमाण वाचा. ३५ टक्के असलेलं क्रीम सहसा फाटत नाही, २० ते २५ टक्क्यांचं जपून, आणि नुसतं बिनसायीचं दूध घालून क्रीमी सूप होत नाही, त्यापेक्षा बटाटा दोन फोडी जास्त चेपा. चीज घालणार असाल तर वडीवरचं ताजं किसा, बंद कुकरमध्ये चिमूट चिमूट टाका आणि दर वेळी विरघळू द्या. पाकिटात किसून येणाऱ्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्याने सूप कणीदार होतं. चीज खारट असतं, म्हणून मीठ सगळ्यांत शेवटी, पाव पाव चमचा घालून चाखत. सपक लागलं तर लगेच मिठाकडे धावू नका. वाटीत वाढल्यावर लिंबाचे दोन-तीन थेंब पुष्कळदा पुरतात. वाटीत, भांड्यात नाही.

मीठ कमी करायचं म्हणून ‘लो सोडियम’ मीठ वापरत असाल तर थांबा. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, बटाट्यात मुळातच पोटॅशियम भरपूर, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही शरीरातलं पोटॅशियम वाढतं. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सूप पातळ राहिलं तर आणखी थोडा बटाटा चेपा, कॉर्नफ्लोअरचा दुसरा चमचा शेवटचा उपाय. फार दाट झालं तर गरम दूध. दूध फाटलंच तर हँड ब्लेंडरचे दोन झटके द्या, कण बारीक होतात आणि चवीत फरक कळत नाही.

याच कुकरमध्ये कधी राजमा करायचा विचार आला तर कच्चा राजमा थेट टाकू नका. त्यातलं लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन मंद उष्णतेत नष्ट होत नाही आणि पोट भयंकर बिघडतं. आधी भिजवून, पाणी बदलून, गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. गंमत अशी की या यंत्राचं जुनं नावच कडधान्यावरून, ‘बीन’वरून, पडलेलं होतं. अमेरिकन संशोधक आयर्विंग नॅक्सन यांचं मूळ यंत्र ‘नॅक्सन बीनरी’ म्हणून ओळखलं जायचं. रायव्हल कंपनीने ते विकत घेऊन १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणलं.

उरलेलं सूप कुकरच्या भांड्यातच निवत ठेवू नका. ती जाड चिनी माती उष्णता धरून ठेवते आणि सूप तासन्‌तास कोमट राहतं. उथळ डब्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. थंड झाल्यावर ते घट्ट होणारच. गॅसवर थोडं दूध घालून मंद आचेवर, पूर्ण वाफाळेपर्यंत गरम करा, स्लो कुकरमध्ये नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर दूध-क्रीम घालायच्या आधीच काही भाग चेपून बाजूला काढा. क्रीम घातलेलं गोठवलं की वितळताना पाणी सुटतं आणि बटाटा रवाळ होतो.

भरलेलं भांडं जड असतं आणि त्याचे कान चांगलेच तापतात. ते उचलू नका, पळीने वाढा. झाकण काढताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. आणि गरम भांड्यात गार पाणी ओतू नका, तडा जातो. पूर्ण निवलं की कोमट पाणी आणि साबण घालून अर्धा तास ठेवा, कडेला चिकटलेला थर आपोआप सुटतो.

तुमची लेक