टूसॉनला जाण्यापूर्वी वाच

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मुलाकडे फिनिक्सला गेलास की एक दिवस टूसॉनचं ‘विमानांचं स्मशान’ बघणार, असं लिहिलंयस. आधी तो स्मशान शब्द डोक्यातून काढ. टूसॉनला आहे ते कोठार. स्मशान होतं ते त्याच अ‍ॅरिझोनाच्या वायव्य कोपऱ्यात, किंगमनला. दोन्हींतला फरक कळला नाही, तर तुला तिथे नुसत्या विमानांच्या रांगा दिसतील.

किंगमनचा लष्करी विमानतळ 1942 चा, बॉम्बरवरच्या मशीनगन चालवणाऱ्यांना तयार करण्यासाठी बांधलेला. दुसरं महायुद्ध संपलं आणि साडेपाच हजारांच्या आसपास विमानं तिथे आणून लावली. काही थेट कारखान्यातून आलेली, कोरी करकरीत. 1946 मध्ये त्यातल्या 5,437 विमानांचा लॉट एका ठेकेदाराने 27.8 लाख डॉलरला उचलला. भागाकार करून बघ, चार इंजिनांचा बॉम्बर धरूनसुद्धा विमानामागे पाचशे अकरा डॉलर! आधी इंजिनं, पंखे, उपकरणं उतरवायची, मग केबलला टांगलेलं जड पातं आपटून सांगाड्याचे तुकडे करायचे आणि भट्टीत लोटायचे. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पोलाद त्या आचेला दाद देत नाही. त्यामुळे धातूचा रस खाली वाहून विटा पडायच्या आणि बोल्ट, चिलखती पत्रे मागे उरायचे. दोन-तीन वर्षांत मैदान साफ.

टूसॉनचा डेव्हिस-मॉन्थन तळ मात्र पहिल्यापासून ठेवणीसाठी निवडला. मूळ तो गावचा नगरपालिकेचा विमानतळ, 1927 मध्ये, अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या लिंडबर्गने येऊन त्याचं उद्घाटन केलं होतं. डेव्हिस आणि मॉन्थन हे टूसॉनचेच दोन लष्करी वैमानिक, 1920 च्या दशकात अपघातांत गेलेले. 1946 पासून इथे बी-29 बॉम्बर आणि सी-47 मालवाहू विमानं, म्हणजे आपल्याकडे डाकोटा म्हणतात ती, उभी राहू लागली. आरमाराची विमानं तेव्हा फिनिक्सजवळ लिचफील्ड पार्कला असायची. 1960 च्या दशकाच्या मध्यात सगळ्यांची कोठारं इथे एकत्र केली. आज साधारण 2,600 एकर जागेत हजारो विमानं असतात.

वाळवंटच का, तर पहिलं कारण पाऊस. वर्षाला जेमतेम 28 ते 30 सेंटीमीटर. मुंबईत तेवढा जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडतो. त्यातून आपल्याकडे खारा वारा, तो अ‍ॅल्युमिनियमच्या जोडांत शिरून पत्रा पापुद्र्यासारखा फुगवतो. दुसरं कारण पायाखालचं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तिथल्या मातीत चुनखडीने घट्ट बांधलेला थर आहे, कॅलिशे म्हणतात. त्यावर बी-52 बॉम्बरसारखं धूड काँक्रीट न घालता उभं करता येतं आणि ओढून हलवताही येतं. आपल्या काळ्या मातीत पहिल्या पावसातच चाकं रुतली असती.

नुसतं उभं करून मात्र काही टिकत नाही. आलेलं विमान आधी नीट धुतात, जहाजावरून आलेलं असेल तर जास्तच, कारण समुद्राचं मीठ बारीक सांध्यांत बसलेलं असतं. बंदुका, गुप्त उपकरणं आणि वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी स्फोटकं काढतात. ही स्फोटकं राहिली तर पुढे कॉकपिटमध्ये वाकून काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. मग इंधन उपसून पातळ तेल भरतात आणि सगळीकडे फिरवून तेही काढून घेतात. नळ्यांत, पंपांत आतून तेलाचा हात राहिला पाहिजे. लोणच्यावर तेल असेपर्यंत बुरशी धरत नाही, तोच हिशेब.

त्यानंतर फटी. काचांच्या कडा, हवा घेणारी तोंडं, वरच्या झडपा, सगळं टेपने आणि कागदाने बंद करून वर स्प्रेलॅट नावाचा, सोलून काढता येणारा लेप फवारतात. आधी काळा, त्यावर पांढरा. पांढरा ऊन परतवतो. तो नसेल तर बंद विमानाच्या आत 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान चढतं आणि रबर, वायरींची आवरणं, काचेखालची उपकरणं भाजून निघतात. लेप असला की आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा पाच-आठ अंशांनीच जास्त राहतं. विमानाची पोटाकडची बाजू मात्र मोकळी ठेवतात. ती बंद केली तर आतला ओलावा तिथेच कोंडेल आणि आपणच गंजाला घर करून दिल्यासारखं होईल. जवळून बघशील तेव्हा पाठ पांढरी आणि पोट उघडं, ही खूण शोध. खाली झडपा काढलेल्या आणि नाकात नुसतं भोक दिसलं, तर ते सुट्या भागांसाठी काढलेलं विमान समज.

चांगल्या ठेवणीतल्या विमानांचं हे सगळं दर चार वर्षांनी नव्याने करतात. लवकर उडवायची असतील त्यांची इंजिनं महिन्याकाठी चालवतात आणि चाकांच्या बेअरिंगना वंगण फिरावं म्हणून विमान ओढून फिरवतात. एवढं करूनही रबर दगा देतंच. ‘घोस्ट रायडर’ हे बी-52 2008 मध्ये इथे आलं. 2014 मध्ये दुसरं एक बी-52 आगीत खराब झालं, म्हणून 2015 मध्ये याला उठवलं. सांगाडा ठणठणीत होता, पण इंधनाच्या रबरी पिशव्या आणि नळ्या सुकून तडकलेल्या.

मुद्दाम मोडलेलीही आहेत. 1991 च्या स्टार्ट या अण्वस्त्र-कपातीच्या करारानुसार 365 बी-52 निकाली काढायची होती. क्रेनवरून सुमारे 5,900 किलोचं पातं सोडून एकेकाचे पाच तुकडे केले आणि रशियाच्या उपग्रहांना दिसावेत म्हणून 90 दिवस तसेच उघड्यावर ठेवले. शत्रूला मोजता यावं म्हणून भंगार मांडून ठेवणं, हे मला फार गमतीचं वाटतं.

आता कामाचं. फिनिक्सहून गाडीने दोन तास धर. तळाच्या आत नेणारी बस बंद झाली आहे, तेव्हा कोल्ब रोडने जा, कुंपणापलीकडे दुतर्फा रांगा दिसतात. मग तळाला लागूनच असलेलं पिमा हे विमानांचं संग्रहालय. उन्हाळा असेल तर बाहेरची विमानं सकाळीच उरक. तिथे बी-24 लिबरेटर हे महायुद्धातलं बॉम्बर विचारून बघ. अशीच लिबरेटर किंगमनला ढिगाने वितळवली, पण हे विमान आलंय आपल्या हवाई दलाकडून. युद्धानंतर कानपूरला मुद्दाम नासधूस करून टाकून दिलेल्या लिबरेटरमधून एचएएलने, म्हणजे आपल्या सरकारी विमान कारखान्याने, 42 विमानं परत उडती केली आणि ती 1968 पर्यंत आपण वापरली. त्यातलंच हे एक, 1969 मध्ये भारतातून उडत टूसॉनला गेलं. त्याचा आपल्याकडचा क्रमांक एचई-877. त्याचा एक फोटो मात्र मला पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलाला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद