बाबांचा उकिरडा

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "अकरा वर्षं झाली पुण्यात, शेजारपाजारचं कुणी आजारी पडलं तर तुला कळतं तरी का?" मला लागलं ते. गेल्या दिवाळीपर्यंत ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. आता तसं नाही. फोनवर धड सांगता येईना म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींचा हात दिवाळीनंतर कापला. ओल्या कचऱ्याच्या बादलीत कुणीतरी दाढीचं पातं टाकलं होतं, आणि ती बादली आमच्याच मजल्यावरची. मावशींनी पदराची चिंधी फाडून बोटाला गुंडाळली आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. मी दारातच उभी होते. इतकी वर्षं त्या रोज येतात आणि मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा आमच्या इमारतीतली चोवीसच्या चोवीस दारं वाजवली. पातं, काच वेगळी बांधून द्या. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच सांगायचं होतं. निम्म्या घरांत चहा झाला.

मावशी 'स्वच्छ'च्या सभासद आहेत. बाबा, तुम्हाला हमाल पंचायतीचे बाबा आढाव माहीत आहेत. त्यांच्याच पाठबळावर १९९३ साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि त्यातूनच पुढे ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली. २००८ पासून महापालिकेशी करार करून त्या दारोदार कचरा गोळा करतात. हे सगळं मला मावशींनी जिन्यात बसून सांगितलं. ओळखपत्र दाखवताना त्यांचा चेहरा बघायला हवा होतात.

मग ओला कचरा इथेच जिरवायचं ठरलं. सासवडच्या वाटेवरच्या उरुळी देवाचीच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षं सोसला, तुम्हाला ठाऊक आहेच. पार्किंगच्या मागे विटांचे दोन हौद बांधले. पहिल्या महिन्यात घाण वास सुटला, अळ्या झाल्या, आणि बंद करा म्हणून मीटिंगमध्ये आवाज चढले. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे तुमचा उकिरडा डोळ्यांपुढे आला, बाबा. शेणाचा थर टाकला की तुम्ही वर गोठ्यातली वैरणीची चघळ आणि पाला पसरायचात. आम्ही नुसतं ओलंच घालत होतो!

सकाळी वॉचमनदादांना विचारलं. ते नांदेडकडचे, घरची शेती आहे. ते म्हणाले, "ताई, वारा लागू द्या त्याला." त्यांनीच फावडं घेतलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी रस्त्यावर झाडून ठेवलेला पाचोळा पोत्यांत भरून आणला. एक बादली ओलं, दोन बादल्या पाचोळा, आठवड्याला खालीवर. चार दिवसांत वास गेला. ढीग उकरला की आतून वाफ येते, हात ठेववत नाही इतकी गरम. आम्ही सगळे वाकून बघत होतो, लहान पोरांसारखे.

चोवीसपैकी सतरा घरं आता नेमाने ओलं वेगळं देतात. उरलेल्या सातांकडे मी जातेच आहे. मावशी ढीग खालीवर करायला येतात. त्याचे पैसे त्यांना वेगळे मिळतात; हे पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं, कारण कचरा कमी झाला म्हणून त्यांच्या पोटावर पाय यायला नको होता.

बाबा, ऑफिसात मी दिवसभर आकडे इकडचे तिकडे करते. त्यातून कुणाचं काय भलं झालं, मला कधी दिसलं नाही. इथे दिसतं. मावशींचं बोट बरं झालेलं दिसतं. आजोबा दोन दिवस खाली आले नाहीत तर मी वर जाऊन बघून येते, आणि मला ताप आला तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी पेज आणून दिली. आई, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलंय.

अक्षय्य तृतीयेला आल्याची लागण असेल, तेव्हा येते. एक पोतं खत चाळून ठेवलंय, काळंभोर, पहिल्या पावसासारखा वास येतो. बाबा, मुठीत दाबून बघा आणि खरं खरं सांगा, नीट कुजलंय की अजून पंधरा दिवस ठेवायला हवं होतं.

तुमची लेक