शिडी काढून घेतलेली लीग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ई-स्पोर्ट्सची बातमी पेपरात आली की ती एकाच गोष्टीची असते, बक्षीस किती. अमुक देशातल्या अमुक वर्षांच्या पोराने गेम खेळून एवढे लाख डॉलर मिळवले, आणि बाजूला एक चौकट की मुलांना स्क्रीनची सवय लागू नये म्हणून काय करावं. बक्षिसाबद्दल जरूर लिहा, पण युरोपात या लीग चालतात कशा, टीम आत येते कशी आणि बाहेर जाते कशी हे कुणी सांगतच नाही, आणि खरी गंमत (आणि माझ्या मते खरी गडबड) तिथेच आहे. म्हणून हे पत्र. लांबलंय. कापलंत तरी हरकत नाही, फक्त शाल्केवाला भाग ठेवा.

मी मुख्यतः लीग ऑफ लेजेंड्स बघतो. पाच विरुद्ध पाच, समोरच्याच्या तळावरचा नेक्सस फोडला की जिंकलात, बाकी बारकावे शिकायला दोन वर्षं लागतात ते सोडून द्या. युरोपातली याची सगळ्यात वरची लीग म्हणजे एलईसी, बर्लिनच्या स्टुडिओतून चालते, दहा टीम. आता या दहामधल्या एका जागेची गोष्ट सांगतो.

स्पेनचा एनरिके सेदेन्यो, गेममधलं नाव एक्सपेके. २०११ मध्ये स्वीडनच्या येनशॉपिंगला ड्रीमहॅकमध्ये पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, ती फनाटिकने जिंकली आणि हा त्या टीममध्ये होता. पहिलं बक्षीस ५० हजार डॉलर, आजच्या मानाने काहीच नाही. (त्यानंतर आजवर एकाही युरोपियन टीमने वर्ल्ड्स जिंकलेली नाही, २०१८ ला फनाटिक आणि २०१९ ला जीटू फायनलला गेले आणि दोघेही ३-० ने हरले, २०१९ ची फायनल तर पॅरिसमध्ये, आपल्याच लोकांसमोर. ती मी पूर्ण बघितली. असो.) तर हा एक्सपेके, २०१३ मध्ये कातोविचेला एसके गेमिंगविरुद्ध सगळे भलतीकडे लढत असताना एकटा मागून घुसला आणि नेक्सस फोडून आला, तेव्हापासून कुणी असं चोरून बेस फोडला की लोक त्याला त्याच्याच नावाने ओळखतात. असा माणूस २०१४ च्या शेवटी फनाटिक सोडून स्वतःची टीम काढतो, ओरिजेन. नवीन टीम म्हणजे सुरुवात खालच्या चॅलेंजर सिरीजपासून, नाव कितीही मोठं असलं तरी. तिथून जिंकत २०१५ च्या उन्हाळ्यात वरच्या लीगमध्ये आली आणि त्याच वर्षी वर्ल्ड्सच्या सेमीफायनलपर्यंत गेली. एका वर्षात तळापासून जगातल्या पहिल्या चारात! मग दोन वर्षांनी, २०१७ ला, तीच ओरिजेन इतकी ढेपाळली की लीगमधून खाली गेली. वाईट वाटलं, पण नियम सगळ्यांना सारखा.

२०१९ मध्ये नियमच बदलला. जुन्या ईयू एलसीएसचं नाव एलईसी झालं आणि दहा कायमच्या जागा विकायला काढल्या. जुन्या टीमना ८० लाख युरो आणि नव्यांना १ कोटी ५ लाख युरो असे आकडे तेव्हा बातम्यांमध्ये होते. एकदा पैसे भरले की खाली जायचं नाही, कितीही हरलात तरी. त्यात ओरिजेन परत आली, पण यावेळी मागे डेन्मार्कची कंपनी होती, ज्यांची काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममधली अ‍ॅस्ट्रालिस तेव्हा जगात सगळ्यात भारी होती, २०१७ ते २०१९ मध्ये चार मेजर, म्हणजे त्या गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकलेली. दोन सिझननंतर ओरिजेनची पाटी काढली आणि तिथे अ‍ॅस्ट्रालिसची लावली. काउंटर-स्ट्राइकमधलं नाव मोठं, पण इथे काही जमलं नाही, तीन वर्षं तळाच्या आसपास घुटमळले आणि मग जागा विकून मोकळे झाले. २०२४ पासून त्याच खुर्चीवर फ्रान्सची कार्मिन कॉर्प बसली.

आणि कार्मिन कॉर्प कोण? कामेटो नावाच्या फ्रेंच स्ट्रीमरने २०२० मध्ये काढलेली टीम. फ्रान्सच्या लीगमध्ये, म्हणजे एलएफएलमध्ये खेळायची, जी एलईसीच्या एक पायरी खाली. तिथून युरोपातल्या सगळ्या खालच्या लीगच्या अव्वल टीम जिथे भिडतात ती ईयू मास्टर्स, ती यांनी लागोपाठ तीन वेळा जिंकली, २०२१ ला दोनदा आणि २०२२ ला एकदा. प्रेक्षक तर असे की ढोल, झेंडे, गाणी, डोक्यावर छप्पर राहतंय की नाही अशी बोंब, खालच्या लीगची टीम असताना पॅरिसच्या ला डेफान्स अरीनासारख्या जागी हजारो लोक गोळा व्हायचे. एलईसीतल्या निम्म्या टीमना एवढं पब्लिक स्वप्नातही दिसलं नसेल. जुना नियम असता तर २०२१ च्या शेवटी हे लोक आपोआप वर आले असते, एक रुपया न भरता, ओरिजेनसारखे. पण शिडीच काढलेली. त्यामुळे तीन वेळा युरोप जिंकून पण थांबा, कुणीतरी कंटाळून खुर्ची विकेल तेव्हा विकत घ्या.

आता कोणी म्हणेल की आले तेव्हा काय दिवे लावले, आणि खरंय, २०२४ च्या पहिल्याच स्प्लिटमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या टप्प्यात, ते शेवटचे होते. मी स्वतः वैतागलो होतो. पण २०२५ चा हिवाळी स्प्लिट त्यांनीच जिंकला, जीटूला फायनलमध्ये हरवून, आणि त्यात बॉट लेनला खेळणारा कॅलिस्ट हा पोरगा त्यांच्याच ज्युनियर टीममधून एलएफएल खेळून वर आलेला. म्हणजे खाली दम होताच ना.

आता शाल्के. जर्मनीतला जुना फुटबॉल क्लब, गेल्सनकिर्शेनचा, खाणकामगारांचा क्लब म्हणून ओळख. यांनी २०१६ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सची टीम घेतली, त्याच वर्षी ती खाली गेली, गुपचूप खालच्या लीगमध्ये खेळले, परत वर आले आणि २०१८ ला थेट फायनल खेळले. बघा, रेलिगेशनने, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याने, टीम मरत नाही, शाल्केने तर दाखवूनच दिलं. मग बंद लीग आली. २०२० च्या उन्हाळ्यात यांचा स्कोअर १ विजय, १० पराभव असा होता, सगळ्यांनी सोडून दिलेलं, आणि तिथून उरलेल्या सातच्या सात मॅच जिंकून प्लेऑफमध्ये घुसले! एलईसीच्या इतिहासात याच्यासारखं दुसरं काही मी बघितलेलं नाही. आणि पुढच्याच वर्षी काय झालं, तर त्यांची फुटबॉल टीम बुंडेसलीगातून खाली गेली, क्लबवर आधीच कर्जाचा डोंगर, त्यामुळे पैशासाठी एलईसीची जागा स्वित्झर्लंडच्या टीम बीडीएसला विकली, २ कोटी ६५ लाख युरोंना. म्हणजे फुटबॉलच्या मैदानावर हरल्यामुळे एक टीम अशा लीगमधून गायब झाली जिथे हरून कुणी बाहेर जातच नाही. पोरांनी लागोपाठ सात मॅच जिंकलेल्या त्याचा काय उपयोग, किंमत खुर्चीला होती, खुर्चीवर बसणाऱ्यांना नाही.

बंद लीगवाल्यांची पण एक बाजू आहे आणि ती अगदीच फालतू नाही, मी मान्य करतो. दर सहा महिन्यांनी खाली जायची टांगती तलवार असेल तर स्पॉन्सर तीन वर्षांचा करार कशाला करेल, कोच, सायकॉलॉजिस्ट, राहायची सोय यावर खर्च कोण करेल, आणि टीम खाली गेली की पहिली नोकरी जाते ती खेळाडूची. एकोणीस-वीस वर्षांची पोरं असतात हो ही, करिअर पाच-सात वर्षांचं. पण याच्यावर दुसरे उपाय आहेत की. फ्रान्सने २०१६ च्या डिजिटल कायद्यात ई-स्पोर्ट्स खेळाडूसाठी वेगळा मुदतीचा करार आणला, सरकारमान्य टीमने खेळाडूला साधारणपणे कमीत कमी बारा महिन्यांचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा करार द्यायचा. जर्मनीने २०२० मध्ये बाहेरून येणाऱ्या खेळाडूंसाठी वेगळा व्हिसा काढला. खेळाडूला सांभाळायचं असेल तर असं सांभाळा, मालकाची खुर्ची सिमेंटने पक्की करून खेळाडू सुरक्षित होतो हे काही मला पटत नाही, कारण जागा विकली जाते तेव्हा बहुतेक वेळा जुना रोस्टर, म्हणजे खेळाडूंचा संच, मोडतोच.

मुळात प्रश्न असा आहे की फुटबॉल कुणाच्या मालकीचा नाही आणि इथे बॉल, मैदान, अंपायर, नियमाचं पुस्तक सगळं एकाच कंपनीचं. एलईसी रायट गेम्स या कंपनीची, कारण लीग ऑफ लेजेंड्स हा गेम रायटचा. पण मालक वेगळा विचार करू शकतो हे काउंटर-स्ट्राइकमध्ये दिसलं. तिथे पण स्पर्धा भरवणारी कंपनी ईएसएल आणि मोठ्या टीमनी २०२० मध्ये आपापसात करार करून पार्टनर टीमची पद्धत आणली होती, म्हणजे बंद नाही पण अर्धवट टेकवलेलं दार. गेमची मालक कंपनी व्हॉल्व, त्यांनी २०२३ मध्ये सांगून टाकलं की २०२५ पासून हे चालणार नाही, स्पर्धा घेणाऱ्याचे टीमशी धंद्याचे संबंध नकोत, आमंत्रण रँकिंगवरून नाहीतर ओपन क्वालिफायरमधून. मोठ्या टीमनी कुरकुर केली, पण जगबुडी काही आली नाही. त्याच २०२५ मध्ये फ्रान्सची व्हायटॅलिटी ऑस्टिनचं मेजर जिंकून गेली आणि त्यांचा स्टार खेळाडू झायवू आहे तसाच भारी खेळतोय.

आणि ओपन क्वालिफायर म्हणजे काय चीज आहे ते बघायचं असेल तर डोटा या गेममधली ओजी ही टीम बघा. २०१८ च्या मे महिन्यात, डोटाची सगळ्यात मोठी स्पर्धा, द इंटरनॅशनल, तोंडावर असताना, यांचे दोन खेळाडू सोडून दुसऱ्या टीममध्ये गेले, त्यातला एक तर डेन्मार्कच्या नोटेलचा किती वर्षांचा जोडीदार. उरले नोटेल, फिनलंडचा जेरॅक्स आणि कोच. मग कोच सेब स्वतःच खेळायला बसला, ब्रेकवर गेलेला ऑस्ट्रेलियाचा आना परत आला, आणि पाचवा टॉपसन, फिनलंडचाच, ज्याने एवढ्या मोठ्या स्टेजवर कधी पाय ठेवला नव्हता. थेट आमंत्रण गेलं, त्यामुळे कुणीही भाग घेऊ शकतो अशा ओपन क्वालिफायरपासून सुरुवात. ऑगस्टमध्ये व्हँकूव्हरला जिंकले, वाटेत सोडून गेलेल्या त्या दोघांच्याच टीमला हरवून. आणि २०१९ ला शांघायला परत जिंकले, तेव्हाचं बक्षीस एकट्या टीमला दीड कोटी डॉलरच्या वर. पेपरात तो दीड कोटीचा आकडा आलेला मला आठवतो. क्वालिफायरचं कुणीच लिहिलं नव्हतं. बंद लीग असती तर ही टीम मे महिन्यातच संपली होती.

लोक विचारतात हा खेळ तरी आहे का. मी त्या वादात पडत नाही, पण तो वाद नुसता चहा पितानाचा नसतो हे सांगतो, २०२१ मध्ये स्वीडनच्या क्रीडा महासंघाने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून घ्यायला नकार दिला, त्यातून खेळाडूंच्या व्हिसाचा घोळ झाला आणि स्टॉकहोमला ठरलेली डोटाची तीच स्पर्धा उचलून बुखारेस्टला न्यावी लागली. चार कोटी डॉलरची स्पर्धा.

माझं म्हणणं फार मोठं नाही. दहाच्या दहा जागा उघड्या करा असं मी म्हणत नाही, एक करा. वर्षाच्या शेवटी एलईसीत जो तळाला असेल त्याने त्या वर्षी खालून जिंकून आलेल्या टीमशी बेस्ट ऑफ फाइव्ह (पाचात तीन गेम जिंकेल तो जिंकला) खेळायची. जिंकलात तर राहा. हरलात तर एक वर्ष खाली खेळा, खुर्चीचे कागद हवे तर तुमच्याकडेच ठेवा. रायटला पण बहुतेक हे कळतंय, कारण २०२६ च्या हिवाळ्यात त्यांनी दोन पाहुण्या टीम बोलावल्या, कार्मिनची ज्युनियर टीम आणि लॉस रातोनेस. लॉस रातोनेस म्हणजे कास्टर (कॉमेंट्री करणारा) आणि स्ट्रीमर केड्रेलने काढलेली टीम, ज्यात स्वीडनचा रेक्लेस, एकेकाळचा फनाटिकचा चेहरा, खेळत होता. बाकी सगळ्या टीम आपल्या स्क्रिम, म्हणजे सरावाच्या मॅच, तिजोरीत ठेवल्यासारख्या लपवतात आणि यांनी त्या सरळ लाइव्ह दाखवल्या, शिव्या, भांडणं, चुका सगळ्यासकट, आणि असं सगळं उघड करून पण खालची एमिया मास्टर्स (ईयू मास्टर्सचंच नवं नाव) जिंकली. पण बोलावणं ते बोलावणंच. पाहुण्याला जेवायला वाढतात, घराची चावी देत नाहीत.

आणि प्रेक्षक ओरडले की काही होत नाही असं पण नाही. २०२० च्या जुलैमध्ये एलईसीने सौदीच्या निओम प्रकल्पाशी स्पॉन्सरशिप जाहीर केली तेव्हा त्यांचेच कास्टर उघडपणे विरोधात उभे राहिले, प्रेक्षक तर होतेच, आणि एका दिवसात करार गुंडाळावा लागला. (पुढे २०२२ मध्ये सौदीच्याच पैशाने ईएसएल ही अख्खी कंपनी विकली गेली, फेसइट या दुसऱ्या ई-स्पोर्ट्स कंपनीसकट दीड अब्ज डॉलरला, ते प्रकरण वेगळं आणि त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

तुम्हाला एवढीच विनंती, पुढच्या वेळी ई-स्पोर्ट्सची बातमी लावाल तेव्हा बक्षिसाच्या आकड्याशेजारी एक ओळ टाका, की ही टीम लीगमध्ये जिंकून आली की जागा विकत घेऊन आली. कार्मिनच्या बाबतीत दोन्ही लिहावं लागेल.

आपला,
रात्री जागून मॅच बघणारा एक वाचक